देणें आणि फेडणें : मराठवाड्यांतील एका इंग्रज घराण्याची हकीकत
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं धर्मग्रामाचा इतिहास सांगावा अशी रीत आहे. पहिली मिस्सा कोणत्या सालीं झाली, मंदिराचा पाया केव्हां घातला, वर्गणी कोणीं किती दिली, हें सारें या स्मरणिकेच्या इतर पानांवर आपणांस वाचावयास मिळेलच. माझ्याकडे "आपलीं कुटुंबें" हा विषय आला आहे. या विषयाकडे मी थोड्या आडवाटेनें जाणार आहें, आणि ती वाट एका इंग्रज घराण्याच्या दारावरून जाते. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं या घराण्याचा एक जांवई नळदुर्गच्या किल्ल्यांत राहून त्या मुलुखाचा कारभार पाहत होता. आणि त्याच्या सासऱ्यानें त्यापूर्वीं हैदराबादेस पेढी घालून निजाम सरकारास लक्षावधि रुपये व्याजानें दिले होते.

दुसऱ्याच्या घराण्याची हकीकत आपल्या महोत्सवांत कशाला, असें कोणी विचारील. त्याचें कारण सांगतों. आपल्या मुलांस शाळेंत, बाजारांत, कचेरींत एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो: "तुम्ही मूळचे कोठले?" विचारणाराच्या मनांत बहुधा वाईट नसतें, परंतु ऐकणारास तो टोंचल्यावांचून राहत नाहीं. आपल्या स्नानसंस्काराच्या नोंदवह्या उघडून पाहा. कोणी गोव्याकडून आलें, कोणी वसईकडून, कोणी नगरकडून, कोणी केरळांतून. कांहीं कुटुंबें तर पिढ्यान् पिढ्या याच शिवारांत राबत आलीं आहेत. तरी हा प्रश्न त्यांसही चुकत नाहीं. मनुष्य एखाद्या भूमीचा केव्हां होतो? जन्मानें, रक्तानें, सत्तेनें, कीं आणखी कशानें? या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर परक्यांतल्या परक्याचें उदाहरण घेणें बरें. आणि इंग्रजाइतका परका आपल्या लोकांनीं दुसरा कोणी मानिला नाहीं.

आपली ही भूमि बाहेरून आलेल्या माणसास नवखी नाहीं, हें आधीं लक्षांत घ्यावें. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंह पंजाबाहून इतक्या दूर गोदावरीच्या कांठीं आले, आणि त्याच वर्षीं नांदेड येथें त्यांनीं देह ठेविला. पुढें सव्वाशें वर्षांनीं महाराजा रणजितसिंहांच्या साह्यानें तेथें गुरुद्वाऱ्याची वास्तु उभी राहिली. आज नांदेड शहर शिखांवांचून कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीं. उदगीर-देगलूरच्या बाजारांत एकाच दुकानीं मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगू अशा चार भाषा कानीं पडतात. तेव्हां बाहेरून येणें हा येथें अपराध नव्हे. आल्यानंतर काय केलें, एवढेंच पाहावयाचें.

आतां त्या घराण्याकडे वळतों.

घराण्याचे मूळ पुरुष जनरल विल्यम पामर. "पामर" हा शब्द आपण मराठींत दीनदुबळ्यास लावितों. हे पामर मात्र पुढें दरबाराचे सावकार झाले. जनरलसाहेबांचा जन्म १७४० चा. पलटणींतून वर चढत ते गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज यांचे विश्वासू चिटणीस झाले. लखनौ, त्यानंतर शिंद्यांचा दरबार, आणि १७९८ पासून १८०१ पर्यंत पुण्यास पेशव्यांचा दरबार, अशा ठिकाणीं त्यांनीं कंपनीची वकिली केली. त्यांनीं संसार मांडिला तो फैज बक्ष नांवाच्या मोगल घराण्यांतील बेगमेशीं. या कुटुंबाचें एक तैलचित्र लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयाच्या संग्रहांत आहे. त्यांत लाल डगला घातलेले जनरलसाहेब आहेत. भुईवर बसलेली बेगम आहे. तिच्या मांडीवर तान्हें मूल आहे. सभोंवार मुलें आणि घरच्या बायका आहेत. चित्र चिताऱ्याच्या हातून पुरें झालें नाहीं. या घराण्याच्या सर्व इतिहासास तें अपुरेपण शोभतें, असें मला वाटतें.

या दांपत्याचा मुलगा विल्यम. त्याचा जन्म १७८० चा. शिक्षणासाठीं त्यास विलायतेस पाठविलें. परंतु तो परत येण्यापूर्वींच १७९१ सालीं कंपनीनें एक नियम केला कीं, ज्याची आई हिंदी आहे अशा मुलास कंपनीच्या मुलकी व लष्करी हुद्यांवर नेमूं नये. बाप जनरल, स्वतः विलायतेंत शिकलेला, आणि तरी आईच्या रक्तामुळें दार बंद! "तुम्ही मूळचे कोठले?" हा प्रश्न आपल्याच मुलांस पडतो असें नाहीं, बंधूंनो, तो या साहेबाच्या मुलासही पडला होता. विल्यमनें मग १७९९ सालीं निजामाच्या फौजेंत नोकरी धरिली, आणि कांहीं वर्षांनीं ती सोडून हैदराबादेस पेढी घातली. १८१४ च्या सुमारास "विल्यम पामर आणि कंपनी" हें नांव दरबारांत चांगलेंच वजनदार झालें.

या पेढीचा व्यवहार आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याची झळ आपल्याच खेड्यांस लागली. निजामाच्या राज्यांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं एक फौज होती. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर येथें तिच्या छावण्या होत्या. फौज निजामाच्या नांवाची, हुकूम इंग्रजांचा, आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यांतून. खजिना तर रिकामा. तेव्हां पेशकार चंदूलाल यांनीं पामरांच्या पेढीकडून रोकड घ्यावी, फौजेचा पगार वेळेवर भागवावा, आणि फेड म्हणून मुलुखाचा वसूल पेढीस लावून द्यावा, असा परिपाठ पडला. व्याज शेंकडा चोवीस-पंचवीसपर्यंत जाई. इंग्रजी कायद्यानें आपल्या प्रजाजनांस हिंदी राजेरजवाड्यांस परवानगीवांचून कर्ज देण्याची मनाई केली होती, आणि व्याजाची कमाल मर्यादा शेंकडा बारा ठेविली होती. परंतु १८१६ सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनीं या पेढीस खास मोकळीक दिली. पेढीच्या एका भागीदाराची बायको लाटसाहेबांच्या घरीं पोटच्या मुलीप्रमाणें वाढलेली होती, हें सांगितलें म्हणजे अधिक सांगावयास नको.

दरबार कर्ज काढी, पेशकार मुलूख मक्त्यानें देई, मक्तेदार आपला पैसा व्याजासकट वसूल करी. आणि या साखळीची शेवटची कडी कोणाच्या गळ्यांत पडे? कुणब्याच्या. त्यानें पामरांचें नांव ऐकिलें नव्हतें, त्यानें कोणत्याही खतावर अंगठा केला नव्हता, तरी फेड त्याच्या खळ्यावरून होत होती. १८२० सालीं साठ लक्षांचें नवें कर्ज ठरलें. त्याच वर्षाच्या अखेरीस चार्ल्स मेटकाफ हे रेसिडेंट होऊन हैदराबादेस आले, आणि हा सारा व्यवहार पाहून त्यांनीं पेढीविरुद्ध कंबर बांधिली. शेवटीं १८२३ सालीं निजामानें एक तोड काढिली. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून त्यांस दरसाल जी पेशकश मिळत असे, ती त्यांनीं एक कोटि सोळा लक्ष सहासष्ट हजार रुपये घेऊन कायमची सोडून दिली, आणि त्या पैशांतून पामरांचें देणें भागविलें. पुढल्याच वर्षीं पेढी बुडाली.

विल्यम पामर मात्र हैदराबाद सोडून गेले नाहींत. त्यांची आई फैज बक्ष १८२८ सालीं तेथेंच वारली. ते स्वतः १८६७ सालापर्यंत जगले आणि तेथेंच मरण पावले. इंग्रजांस ते पुरते इंग्रज वाटले नाहींत. येथील लोकांस ते अखेरपर्यंत साहेबच राहिले. जन्म येथला, आई येथली, माती येथली. येथले होण्यास जन्म आणि रक्त पुरेसें असतें, तर यांच्याहून अधिक येथला कोण होता? परंतु सावकाराच्या चोपडींत शेतकऱ्याचें नांव फक्त वसुलीच्या बाजूस येतें. आणि अशा नात्यांतून आपलेपणा उगवत नाहीं.

आतां या घराण्याचे जांवई. त्यांचें नांव फिलिप मेडोज टेलर. त्यांचें कुळ इंग्लंडांतील नॉर्विच गांवचें. पणजोबांच्याही मागच्या पिढीचे डॉक्टर जॉन टेलर हे हिब्रू भाषेचे नामांकित पंडित. परंतु राजमान्य पंथाच्या बाहेरील उपदेशक असल्यामुळें अशा लोकांस आपल्याच देशांत दुय्यम मानीत. आजोबा डब्लिन येथें त्याच पंथाचे उपदेशक होते. वडील लिव्हरपूलचे व्यापारी. त्यांचा धंदा बसला, आणि थोरल्या मुलास लहानपणींच कोठीवर कारकुनीस बसावें लागलें. १८२४ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षांत, हा मुलगा एका व्यापाऱ्याच्या भरंवशावर मुंबईस उतरला. पाहतो तों तो व्यापारी स्वतःच बुडण्याच्या बेतांत! आईकडील एका नातलगानें खटपट करून त्यास निजामाच्या फौजेंत जागा मिळवून दिली, आणि मुलगा औरंगाबादेस आला. म्हणजे आज ज्यास आपण पोट भरावयास परमुलुखीं आलेलें पोर म्हणूं, तोच हा.

या पोरानें एक गोष्ट मन लावून केली: येथील भाषा शिकला. नुसत्या हुकूम देण्यापुरत्या चार शब्दांवर त्याचें समाधान झालें नाहीं. मराठी, हिंदुस्थानी, फारसी या भाषा त्यानें अशा आत्मसात केल्या कीं, विशी गांठण्यापूर्वींच पोलिसाचा मोठा मुलूख त्याच्याकडे सोंपविण्यांत आला. तुळजापुरच्या बाजूचा प्रदेश त्यानें त्या वेळीं घोड्यावरून पालथा घातला. पुढें हैदराबादेस पामरांच्या घरीं त्याचें येणेंजाणें झालें, आणि १८३२ च्या सुमारास विल्यम पामर यांची मुलगी मेरी हिच्याशीं त्याचा विवाह झाला. अशा रीतीनें नॉर्विचच्या उपदेशकाचें कुळ आणि लखनौच्या बेगमेचें कुळ दक्षिणेंत एकत्र आलें.

मेरीविषयीं आपणांस फार थोडें ठाऊक आहे. टेलरसाहेब सुरपूरच्या संस्थानाचा कारभार पाहत होते त्या काळांत ती वारली. नवऱ्यानें कादंबऱ्या लिहिल्या, इतिहास लिहिला, आत्मचरित्र लिहिलें; तिच्या हातचें असें कांहीं आपल्यापुढें नाहीं. घराण्यांच्या इतिहासांत हें नेहमींच होतें. पुरुषांचे हुद्दे लिहिले जातात. बायकांचीं नांवें गळतात. याविषयीं शेवटीं बोलेन.

१८४१ पासून बारा वर्षें टेलरसाहेबांनीं सुरपूर सांभाळलें. तेथील राजा वेंकटप्पा नाईक हा लहान होता; तो त्यांस "अप्पा", म्हणजे बाबा, म्हणत असे. दक्षिणेंतील पुष्कळ लोकांच्या तोंडीं मेडोज या नांवाचें "महादेव" झालें, आणि साहेब "महादेव बाबा" या नांवानें ओळखले जाऊं लागले. जें नांव लोकांच्या जिभेवर घासून गुळगुळीत होतें, तें कांहीं अंशीं लोकांचें झालें असें समजावें.

यापुढील योगायोग पाहा. पामरांचें देणें १८२३-२४ सालीं फिटलें खरें; परंतु ज्या फौजेच्या खर्चासाठीं तें झालें होतें तो खर्च थांबला नाहीं. नवे सावकार आले, नवें देणें चढलें. शेवटीं कंपनीनें आपली बाकी निजामापुढें मांडिली, आणि २१ मे १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख फौजेच्या खर्चासाठीं इंग्रजांच्या ताब्यांत गेला. त्या नळदुर्ग जिल्ह्यावर अधिकारी म्हणून कोण आले? मेडोज टेलर. सासऱ्याच्या पेढीनें ज्या फौजेसाठीं पैसा उसनवार दिला, त्याच फौजेच्या पगारासाठीं गहाण पडलेल्या मुलुखावर जांवई कारभारी! आपला लातूर जिल्हा १९८२ सालीं ज्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतून वेगळा झाला, तो या नळदुर्ग जिल्ह्याचाच पुढला अवतार. तेव्हां ही गोष्ट परमुलखाची नव्हे. आपल्या बांधाला बांध लागलेली आहे.

नळदुर्गास बोरी नदीवर आदिलशाहींत बांधिलेला बंधारा आहे आणि त्याच्या पोटांत पाणीमहाल आहे. पावसाळ्यांत पाणी वरून कोसळत असतां आंत मनुष्य कोरडा उभा राहूं शकतो. त्या किल्ल्यांत राहून टेलरसाहेबांनीं सुमारें चार वर्षें काम केलें. जमिनीची पाहणी करून सारा बसविणें, रस्ते आंखणें, तळ्याविहिरींची सोय पाहणें, रयतेचे तंटे तिच्याच भाषेंत ऐकणें, हें तें काम. मध्यस्थ दुभाषी नसला म्हणजे गरिबाची अर्जी निम्मी सोपी होते, हें कचेरीच्या पायऱ्या झिजविलेल्या कोणासही पटेल. १८५७ च्या धामधुमींत त्यांची बदली बुलढाण्यास झाली.

परंतु एकाच बाजूनें बोलणें न्यायाचें होणार नाहीं. टेलरसाहेब दयाळू होते. तरी ते परक्या सत्तेचे कारभारी होते, आणि नळदुर्गच्या रयतेनें भरलेला सारा एका फौजेच्या पोटांत जात होता. ज्या सुरपूरच्या राजास त्यांनीं लहानाचा मोठा केला, तो १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध उठला आणि पकडला गेला. टेलरसाहेबांच्या मध्यस्थीचा त्याच्या शिक्षेच्या सौम्यतेवर परिणाम झाला असेलही. परंतु कैदेंत नेत असतां वाटेंत पिस्तुलाच्या गोळीनें त्याचा अंत झाला. ज्यास मुलानें "अप्पा" म्हटलें, तोच त्याला जिंकणाऱ्या सरकारचा चाकर होता. माया खरी असली तरी सत्ता तिच्यामध्यें भिंतीसारखी उभी राहते. सत्तेनें भूमि ताब्यांत येते. ती आपली होत नाहीं. निजामाचें पन्नास लक्षांचें देणें सोडून देऊन इंग्रजांनीं १८६० सालीं नळदुर्गचा मुलूख परत केला. त्याच सालीं प्रकृति खालावल्यामुळें टेलरसाहेबही विलायतेस गेले.

येथपर्यंत आलों म्हणजे वाटतें कीं, छत्तीस वर्षांचा हा हिशेब बंद झाला. तसें झालें नाहीं. येथून गेल्यावर टेलरसाहेबांनीं जें लिहिलें त्यांत १८६३ सालीं प्रसिद्ध झालेली "तारा" नांवाची कादंबरी आहे. तिची नायिका तुळजापुरची एक ब्राह्मण बालविधवा. काळ शिवाजी महाराज आणि अफझलखान यांचा. जागा तुळजापूर, नळदुर्ग आणि भोंवतालचा डोंगरपठाराचा मुलूख. आजही कोजागिरीला लातुराहून जे हजारों यात्रेकरू पायीं तुळजापुरास जातात, त्यांची वाट आणि ते डोंगर एका इंग्रजानें आपल्या देशबांधवांस पुस्तकांतून दाखविले. यापूर्वीं १८३९ सालीं त्यांनीं ठगांवर लिहिलेली कादंबरी विलायतेंत फार गाजली होती, आणि तिनें या देशाविषयीं तेथील वाचकांच्या मनांत भीतिही भरविली. "तारा" लिहितांना मात्र त्यांनीं आपल्या माणसांचें घर, देव्हारा, लेकीची माया हीं रेखाटलीं. जेथें अन्न खाल्लें त्या मुलुखाचें ऋण त्यांनीं जसें फेडतां आलें तसें लेखणीनें फेडिलें.

१८७५ सालीं, डोळे अधू झालेले असतां, ते पुन्हा एकदां हैदराबादेस आले. परततांना फ्रान्सच्या दक्षिणेस मेंतोन येथें १३ मे १८७६ रोजीं त्यांचें निधन झालें. पुढल्या वर्षीं मुलगी अॅलिस हिनें वडिलांचें आत्मचरित्र संपादून प्रसिद्ध केलें. आजोबा पेढीवाले, पणजी लखनौची बेगम, बाप नळदुर्गचा कारभारी, आणि या साऱ्यांची आठवण कागदावर टिकवून धरिली ती एका लेकीनें.

या हकीकतीबरोबर आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एका इंग्रजाची आठवण केल्यावांचून मला राहवत नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांतील विल्टशायर परगण्याचे. आपल्या कॅथलिक श्रद्धेमुळें तेही मायदेशांत दुय्यमच होते. १५७९ च्या ऑक्टोबरांत ते गोव्यास उतरले, आणि पुढल्याच महिन्यांत त्यांनीं वडिलांस प्रवासाची हकीकत पत्रानें कळविली. घरादाराशीं असलेला तो धागा होता. त्यानंतर चाळीस वर्षें ते साष्टीच्या खेड्यापाड्यांत राहिले आणि १६१९ सालीं तेथेंच त्यांची माती या मातीस मिळाली. त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतें, पेढी नव्हती. वंशावळ लिहावयास बसलें तर त्यांच्या नांवाखालीं कागद कोरा राहील. परंतु १६१६ सालीं त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें "ख्रिस्तपुराण" मराठींत छापून दिलें, आणि जेथें जेथें तें वाचलें गेलें तेथें तेथें त्यांचें कुटुंब वाढत गेलें. पामरांच्या घरीं लक्षावधि रुपये येऊन गेले. स्टीफन्स यांच्याकडे भाषेवांचून देण्यासारखें दुसरें काय होतें? कोणाचें देणें आज शिल्लक आहे, याचा विचार आपणच करावा.

बंधुभगिनींनो, या साऱ्याचा मला दिसणारा मथितार्थ एवढाच: मनुष्य ज्या भूमीचें देणें ओळखतो आणि फेडूं लागतो, त्या भूमीचा तो होतो. येथें जन्मून विल्यम पामर वसूल करीत राहिले आणि परके ठरले. परके म्हणून आलेले टेलर भाषा शिकून, राबून, लिहून अर्धेमुर्धे आपले झाले. सत्तेनें त्यांस पुरतें आपलें होऊं दिलें नाहीं. स्टीफन्स यांनीं मागण्याचा खांब कोराच ठेविला. म्हणून आपल्या मुलांस जेव्हां कोणी "मूळचे कोठले" असें विचारील, तेव्हां त्यांनीं चिडूं नये, लाजूंही नये. आपल्या घरानें या जिल्ह्याचें काय देणें फेडलें आहे तें त्यांस सांगतां आलें पाहिजे. कोणाची आजी सुईण म्हणून वस्तीवस्तींत रात्रींबेरात्रीं गेली. कोणाच्या आजोबांनीं विहीर खणली. कोणाची आई शाळेंत पन्नास पोरांस अक्षर शिकवीत राहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमि हादरली आणि हजारों माणसें दगडमातीखालीं गेलीं. ढिगाऱ्याखालून ज्यानें हात वर केला, त्यानें तो धरणाऱ्यास "तुम्ही मूळचे कोठले" असें विचारल्याचें ऐकिवांत नाहीं.

दोन विनंत्या करून भाषण आटोपतें घेतों. 

पहिली विनंति कर्जाविषयीं. पामरांची पेढी बुडून दोनशें वर्षें झालीं. परंतु ती साखळी तुटली नाहीं. कर्जापायीं शेतकऱ्यानें गळफास घेतल्याची बातमी आपल्या जिल्ह्यांत आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. बियाणें, खत, बोअर, लेकीचें लग्न, दवाखाना, अशा कारणांनीं मनुष्य शेंकडा तीन, शेंकडा पांच अशा महिनेवारी व्याजांत उतरतो. आणि महिन्याचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस होतात, पामरांहून अधिक, हा हिशेब कोणी त्यास करून दाखवीत नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील कोणी असें अडकलें असेल, तर शेजाऱ्यास तें सर्वांच्या आधीं कळतें. त्यानें गप्प राहूं नये. बचतगटाच्या बायकांनीं, बँकेंत काम करणाऱ्या आपल्या तरुणांनीं महिन्यांतून एक रविवार मिस्सेनंतर तासभर बसावें, आणि ज्यास आपलीं खतें, पासबुकें, नोटिसा समजून घ्यावयाच्या असतील त्यास त्या समजावून द्याव्या. येणारा आपल्या धर्माचा आहे कीं नाहीं, हें पाहूं नये. या कामास खर्च नाहीं. जीव मात्र वांचूं शकतो.

दुसरी विनंति कुटुंबांच्या इतिहासाविषयीं. प्रत्येक घरानें एक ताव कागद घ्यावा आणि आपल्या घराण्याची हकीकत लिहावी. कोठून आलों, केव्हां आलों, येथें पहिला आसरा कोणीं दिला, पहिलें धान्य कोणीं उसनें दिलें, हें आठवून लिहावें. त्यांतही आयाआजींचीं नांवें आधीं लिहावीं. त्यांचें माहेरचें नांव आणि गांवही लिहावें. मेरी टेलर हिच्यासारख्या आपल्या कितीएक बायका नोंदींतून गळल्या आहेत. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेंतील मुलांनीं घरोघर जाऊन लिहून घ्यावें. ज्या कोणा हिंदु किंवा मुसलमान शेजाऱ्यानें आपल्या वाडवडिलांस अडचणीच्या दिवसांत हात दिला असेल, त्याचें नांव तर विसरतांच कामा नये. त्याचीं नातवंडें आज गांवांत असतील, त्यांस बोलावून तें पान वाचून दाखवावें.

हे कागद धर्मगुरूंच्या घरीं आणून द्यावे. मी ते एकत्र शिवून नोंदवहीशेजारींच कपाटांत ठेवीन. पुढल्या महोत्सवास मी असेन वा नसेन. परंतु त्या वेळीं जो कोणी या ठिकाणीं उभा राहील, त्यास इंग्रजाच्या घराण्याची वाट धरून आपल्या विषयाकडे यावें लागूं नये, अशी माझी इच्छा आहे.

परमेश्वर आपणां सर्वांचें, आपल्या शेजाऱ्यांचें आणि या भूमीचें कल्याण करो.